मानाची हिरवी पेंढी

फिलूमावशीच्या घराचा ओटा रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच होता, आणि माझं लहानपण त्यातल्या मधल्या पायरीवर गेलं असं म्हटलं तरी चालेल. घर तिचं, आम्ही मागच्या दोन खोल्यांतले भाडेकरू. ओटा मात्र सगळ्यांचा. अंधेरीच्या पूर्वेला तेव्हा कारखान्यांच्या भिंती सरकत सरकत गावठाणाच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. आत अजून कौलारू घरं होती, कोंबड्या होत्या, वळणावळणावर झेंडूच्या माळा घातलेले क्रूस होते आणि एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता होता. आम्ही कुडाळकडचे. वडील कारखान्यात फिटर, जवळ आणि हवेशीर जागा म्हणून इथे आलेले. आई पहिल्या दिवशी दारातला क्रूस बघून गप्प झाली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी मावशीने वाटीभर कालवण आणून दिलं, ते चाखून आई म्हणाली, "मसालो बरो हा, पण कोकम कमी पडला." तिथून त्या दोघींचं जे सुरू झालं ते मावशी जाईपर्यंत संपलं नाही.

फिलूमावशी म्हणजे फिलोमेना. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. लाल चौकडीचं लुगडं नेसायची, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, आणि आवाज असा की विहिरीवर बोलली तर शाळेत ऐकू यावं. तिची बोली गावठाणातली जुनी, ती मला बोलता येते पण लिहिता येत नाही, म्हणून तिची वाक्यं मी माझ्याच भाषेत लिहिते आहे. तिने वाचलं असतं तर म्हणाली असती, माझ्या तोंडी पुण्याचं मराठी कशाला घातलंस. मे महिन्यात ओट्यावर मसाला कुटायचा कार्यक्रम असे. तीन बायका उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या, एकीचंही मुसळ दुसरीच्या मुसळावर आपटत नसे. तो आवाज आणि सगळ्या आळीच्या शिंका, हा आमच्या उन्हाळ्याचा आवाज. कुटलेला मसाला काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा आणि बुचं लावून वर्षभर पुरवायचा. आईने एका वर्षी त्यातली एक बाटली काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात वापरून पाहिली. वडील दोनदा वाढून घेऊन जेवले आणि काय वेगळं होतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण वर्षातला मोठा दिवस म्हणजे आगेरा. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. शेतातून भाताच्या पेंढ्या कापायच्या, वाजतगाजत देवळात न्यायच्या (चर्चला तिथे देऊळच म्हणत), फादरनी त्यांवर आशीर्वाद द्यायचा आणि मग प्रत्येक घरी चारचार लोंब्या न्यायच्या. आमच्याकडे कोकणात नवं बांधतात, म्हणजे नव्या लोंब्या दाराला बांधतात, तेच हे. आईला हे कळलं तेव्हा तिने वडिलांना सांगितलं, "नावां वेगळी, बाकी सगळां तांच." मिरवणूक मोठी नव्हती, फार तर दोनशे माणसं. पुढे पितळी बँड, त्यातला मोठा ढोल वाजवणारा माणूस एरवी पोस्टात होता आणि त्या दिवशी आमच्याशी ओळख दाखवायचा नाही. मग घुमट वाजवणारे, मग लुगडी नेसलेल्या बायका, सोन्याची फुलं डोक्यात, डोक्यावर परड्या, आणि त्या बायकांच्या पुढे मानाची पेंढी. ती पेंढी फिलूमावशीच्या घरची. तिच्या सासऱ्यांच्या, त्यांच्या वडिलांच्या काळापासून पहिली पेंढी त्याच घरच्या शेतातली. मी मधल्या पायरीवर बसून बघायची. पहाटेपासून मावशीच्या स्वयंपाकघरातून फुगे तळल्याचा वास येत असे. ते गोल गरगरीत, आतून पोकळ फुगे मी दोन्ही खिशांत भरून घ्यायची आणि मिरवणूक येईपर्यंत फ्रॉकला तेलाचे दोन मोठे डाग पडलेले असायचे.

मग मावशीचं शेत गेलं. तिथून रस्ता जाणार होता, तो गेला. शेवटच्या पावसात उभं पीक भरावाच्या मातीखाली गेलं, आणि घरातल्या कणगीतलं जुनं बियाणं उंदरांनी संपवलं. त्या आगेऱ्याला मावशीने कुणाच्या तरी दुसऱ्याच्या वाफ्यातली पेंढी उचलली आणि ती घेऊन चालताना तिने मान वर केली नाही. पुढच्या वर्षी तोही वाफा राहणार नव्हता. गावचे मुकादम इनासबाबा ओट्यावर येऊन सांगून गेले, "फिलू, आता वसईहून पेंढ्या आणू. बाकीची गावठाणं तेच करतात. मानाचं आता राहू दे." इनासबाबा वाईट माणूस नव्हते, त्यांना भांडणाचा कंटाळा होता, एवढंच. मावशी म्हणाली, "मी जिवंत आहे तोवर पहिली पेंढी या गावच्या मातीतली. नाही जमलं तर पुढच्या वर्षी मी स्वतः वसईला जाऊन आणीन, आणि पुन्हा मानाचं नाव काढणार नाही." हे तिने एवढ्या मोठ्याने सांगितलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

विहिरीमागे तिच्या मालकीची एक तिकोनी पाणथळ जागा उरली होती, आमच्या दोन खोल्यांएवढी. आईने ती बघितली, चिखलात पाय घालून बघितला आणि म्हणाली, "होतला. बियाणां माझो भाव हाडून देतलो." आईला माहेर सोडून बारा वर्षं झाली होती. मुंबईत आल्यापासून तिला कुणी काही येतं का म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिचा चेहरा मला नवा वाटला.

मामा मेमध्ये आला तो दोन गाठोडी घेऊन. कोकणातलं भात दोन तऱ्हेचं. हळवं लवकर पिकतं, नवरात्राच्या आसपास कापणीला येतं. गरवं सावकाश, दिवाळी उलटल्यावर. आम्हाला हवं होतं हळवं. गरव्याचं गाठोडं भांडुपला राहणाऱ्या आमच्या एका गाववाल्यासाठी होतं, त्याने डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन धरली होती. ओळखायला म्हणून मामाने हळव्याच्या गाठोड्याला लाल चिंधी बांधली होती आणि गरव्याला सुंभ. मामाने ते आईला दोनदा सांगितलं. मी तिथेच होते, मीही दोनदा ऐकलं.

आता मी काय केलं ते सांगते. दुपारी सगळे झोपले असताना मी दोन्ही गाठोडी सोडली. वाईट हेतू काही नव्हता. भातात हात घातला की बोटांना कसं थंड, खरखरीत लागतं ते एकदा लागलं की थांबवत नाही. एका गाठोड्यात हात, मग दुसऱ्यात, कोपरापर्यंत. आई कुशीवर वळली तशी मी घाईघाईने दोन्ही बांधली, आणि लाल चिंधी कुठल्या गाठोड्याला होती ते मला आठवेना. मी मनाशी अंदाज केला आणि बांधून टाकली. वयाच्या अकराव्या वर्षी आपला अंदाज बरोबर असणारच अशी माझी खात्री असे. पुढे ती गेली.

भांडुपचा गाववाला येऊन सुंभाचं गाठोडं घेऊन गेला. आईने लाल चिंधीचं बियाणं भिजत घातलं, पोत्यात गुंडाळून मोड आणले, रोपं केली. लावणीला मावशी, आई आणि मी. मावशी पदर खोचून वाकली आणि आई तिला सांगायला लागली, "अगे, चार काडी एकदम नको, दोन दोन." मावशीने आयुष्यभर भात लावलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या गावात दोन, माझ्या गावात चार," आणि अर्ध्या जागेत दोनदोन, अर्ध्या जागेत चारचार असं लावलं गेलं. येणारेजाणारे थांबून बघत. कारखान्याची दुसरी पाळी सुटली की कामगार भिंतीवरून डोकावत. त्यातले पुष्कळ आमच्याचकडचे, त्यांतला प्रत्येकजण एकेक सल्ला देऊन जाई. श्रावणात ते तीन कोपऱ्यांचं शेत असं हिरवंगार झालं की मावशी रोज सकाळी देवळातून येताना आधी तिकडे जायची, मग घरी.

गणपती आले. हळव्याला तोवर लोंब्या धरायला हव्यात. आमचं भात नुसतं पानं काढत होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आई तिथे उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. एक काडी उपटली, नखाने चिरली, आत बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यां हळवां नाय. ह्यां गरवां. दिवाळी झाल्याबिगर ह्यां पिकाचां नाय." मी विहिरीवर गेले आणि धुतलेले पाय पुन्हा धूत राहिले.

आईला वाटलं, मामाने घोटाळा केला. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मामाला पत्र मी लिहायचं. ती सांगत होती आणि मी लिहीत होते: तुझं लक्ष कुठे होतं, परक्या माणसांत माझी मान खाली घातलीस, बहिणीची एवढी साधी गोष्ट तुला नीट करता आली नाही. शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मी शाईचं पेन घट्ट धरून सगळं लिहिलं, अक्षर फार चांगलं आलं. पत्र टाकायला मला पाठवलं. ते मी पेटीत टाकलं नाही, कंपासपेटीत घडी करून ठेवलं आणि रोज ते घेऊन शाळेत जात राहिले. भूमितीच्या तासाला कर्कटक काढायची चोरी झाली होती.

वडिलांना भातातलं फारसं कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. पाणी तोडू नका." पाऊस ओढला होता, म्हणून मी संध्याकाळी विहिरीवरून कळशीने पाणी घालायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. कळशीमागून कळशी ओतताना वाटायचं की मी पुरेसं पाणी घातलं तर ते घाई करेल. मावशी ओट्यावरून बघायची. तिने इनासबाबांना काही सांगितलं नव्हतं आणि इनासबाबा रोज विहिरीवरून जाताना न बघितल्यासारखं करून जात होते.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मावशी ओट्यावर बसून फुग्यांचं पीठ मळत होती. शेतात लोंब्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. हिरव्या, ताठ, दाबलं तर दाण्यातून दूध निघत होतं. मी मधल्या पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चिंधी, सुंभ, पत्र, सगळं. सांगताना रडले नाही, सांगून झाल्यावर रडले.

मावशीचे हात पिठात थांबले. मग पुन्हा मळायला लागली.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला का आधी?"

"तू मारणार नाहीस म्हणून."

"बरीच हुशार आहेस गो," ती म्हणाली. "जा. आधी आईला सांग. मारलं तर मार खा. मग इथे येऊन पीठ मळायला बस, माझा हात दुखतोय."

आईने मारलं. एकच धपाटा, पण पाठीवर पाचही बोटं उमटली. मग पत्र मागून घेतलं, फाडलं, चुलीत घातलं आणि पदर डोळ्यांना लावून बसली. मामावर गेले तीन आठवडे आमच्या घरात खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला, हे त्या बिचाऱ्याला कधीच कळलं नाही. संध्याकाळी आई मावशीकडे गेली. मी पीठ मळत होते. आई म्हणाली, "फिलूबाय, माझ्या चेडवान तुझो मान घालवल्यान." मावशीने तिला फुगा दिला आणि म्हणाली, "उद्याचं उद्या बघू. गरम आहे तोवर खा."

रविवारी सकाळी मी पायरीवर बसले. खिशांत फुगे नव्हते, घेतलेच नाहीत. लांबून ढोल ऐकू आला, मग पोस्टातला माणूस दिसला, मग त्याच्यामागे फिलूमावशी. तिचं ठेवणीतलं लुगडं, गळ्यात पोवळ्यांची माळ, आणि दोन्ही हातांत उंच धरलेली पेंढी हिरवीगार. मागच्या परड्यांत वसईहून आलेल्या पिवळ्याधमक पेंढ्या होत्या, इनासबाबांनी सोय म्हणून आणवलेल्या. त्या सगळ्या पिवळ्यापुढे ते हिरवं असं उठून दिसत होतं की आंधळ्यालाही दिसावं. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. आमच्या ओट्यासमोरच्या क्रूसाशी मिरवणूक दरवर्षी थांबायची. तशी थांबली. बँड बंद झाला.

"फिलू," इनासबाबा म्हणाले, "हे कच्चं आहे."

"दिसतंय मला."

"कच्चं भात आशीर्वादाला? कुणी नेलंय कधी?"

फादर तरुण होते, नवे आलेले, ते या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. मी उभी राहिले. माझी चूक आहे असं ओरडून सांगायचं ठरवून मी तोंड उघडलं होतं. मावशीने माझ्याकडे बघितलं, अर्धा क्षण, आणि माझ्या आधी ती बोलली.

"तुम्ही विसरलात, इनासबाबा. माझी आजेसासू न्यायची. एक पिकलेली आणि एक हिरवी. पिकलेली झालेल्या वर्षासाठी, हिरवी येणाऱ्यासाठी. पिकलेलं तर सगळेच देतात. जे अजून व्हायचंय त्यालाच आशीर्वादाची गरज."

मावशीची आजेसासू बघितलेलं माणूस तिथे कुणी जिवंत नव्हतं, इनासबाबा धरून. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की जणू त्यांना खरंच थोडंथोडं आठवतंय. "असेल," ते म्हणाले. "माझी आई असं काहीतरी बोलायची खरी." फादर म्हणाले, "छान आहे हे. चला, ऊन वाढतंय." ढोल सुरू झाला. मावशी ओट्याच्या पायऱ्यांशी आली, पेंढी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने मला दंडाला धरून खाली ओढलं. मी अनवाणी होते. त्या दिवसापर्यंत मी मिरवणूक फक्त बघितली होती. देवळापर्यंत मी पेंढीचा बुडखा धरून तिच्या शेजारी चालले आणि मागे वळून बघितलं तेव्हा आई ओट्यावर उभी होती, हात जोडून.

पुढच्या शनिवारी मावशी फादरकडे पापकबुलीला जाऊन आली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसली. "सणाच्या दिवशी, क्रूसासमोर खोटं बोलले. फादर आधी हसले, मग चार प्रार्थना सांगितल्या. दोन मी म्हणते, दोन तू म्हण. खोटं दोघींचं आहे." मला तिच्या प्रार्थना येत नव्हत्या. ती म्हणाली, तुझ्या येतात त्या म्हण, पोचतात. मी दिवेलागणीला आमची संध्याकाळची प्रार्थना दोनदा म्हटली. आई म्हणाली, आज काय दोनदा, तर मी सांगितलं नाही.

गरवं भात दिवाळीनंतर पिकलं आणि असं पिकलं की लोंब्या जमिनीला टेकल्या. जिथे चारचार लावलं होतं तिथे जास्त की दोनदोन लावलं होतं तिथे, यावर दोघींचं एकमत कधी झालं नाही. कापणीच्या दिवशी मावशीने पहिली जुडी आमच्या दारावर, तोरणाशेजारी, स्वतःच्या हाताने बांधली. उरलेलं बियाणं कणगीत गेलं. भांडुपचा गाववाला एकदा येऊन सांगून गेला की यंदा गरव्याने कमाल केली, दसऱ्यालाच तयार. आईने त्याला चहा दिला आणि माझ्याकडे बघितलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या आगेऱ्याला मावशीने मामाकडून आणलेलं हळवं वेळेवर पिकवलं, सोन्यासारखी पेंढी घेऊन निघाली, आणि क्रूसाशी इनासबाबांनीच विचारलं, "फिलू, हिरवी कुठंय?" मावशी परत फिरली, कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यांतून उगवलेल्या गरव्याच्या दहाबारा काड्या कापून घेऊन आली. तिसऱ्या वर्षी कुणी विचारायची वेळच आली नाही.

आता मी दहिसरला चौदाव्या मजल्यावर राहते. गॅलरीत दोन जुन्या प्लास्टिकच्या टबांत गरवं लावते. बियाणं अजून मामाच्या नातवाकडून येतं, आणि गाठोडं मी स्वतः सोडते, स्वतः बांधते. विहिरीमागच्या जागेवर इमारत उभी राहून आता तीही जुनी झाली. मावशी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. दर सप्टेंबरच्या शेवटी तिच्या भावाच्या नातवाचा, रायनचा फोन येतो, "आजी, हिरवं आहे ना?" मी टबातली मातीसकट रोपं पिशवीत घालून मेट्रोने घेऊन जाते. ती मातीही मी पहिल्यांदा गावठाणातूनच पोतंभर आणली होती. मावशीने मातीचं सांगितलं होतं, ते मोडायला मी कोण.

यंदा मला क्रूसाशेजारी खुर्ची दिली होती. रायनने हातात माईक घेऊन जमलेल्या पोरांना समजावून सांगितलं की एक पिकलेली आणि एक हिरवी, ही आपल्या पूर्वजांची शेकडो वर्षांची रीत आहे, झालेल्या वर्षासाठी आणि येणाऱ्या वर्षासाठी. पोरं मोबाईल वर धरून ऐकत होती. माझ्या शेजारी नव्या इमारतीतली एक आठनऊ वर्षांची मुलगी उभी होती, फ्रॉकचे खिसे फुग्यांनी फुगलेले. तिने मला विचारलं, "आजी, खरंच का हो असं करायचे?"

मी क्रूसाकडे बघितलं. "हो," मी म्हणाले. "फिलूमावशीची आजेसासू न्यायची."

घरी आले, हातपाय धुतले, दिवा लावला, आणि माझ्या वाटणीच्या दोन प्रार्थना म्हटल्या.